चालता येत नाही, पण समुद्र आणि जंगल पाहायचंय: तुमचे अनुभव लिहा

सहलीचा विषय निघाला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "तुम्ही जाऊन या, मी आपली घरीच बरी." कारण गुडघे असोत, पोलिओ असो की अर्धांगवायू. ज्यांनी घरी बसायचं नाकारलं, त्यांनी इथे लिहा. नुसतं "छान आहे" नको. पायऱ्या किती, चढ कसा, संडास कसला, तेही सांगा.

दापोली-गुहागर, आईबरोबर
आई व्हीलचेअरवर असते. कोरड्या वाळूत खुर्चीची पुढची छोटी चाकं लगेच रुततात. त्यामुळे खुर्ची उलटी फिरवायची, मोठी चाकं पुढे घ्यायची आणि मागे चालत ओढायची. ओली वाळू लागली की खुर्ची रस्त्यावर चालावी तशी चालते. म्हणून मुरूड-कर्द्याला जाताना आम्ही आधी तिथी पाहतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ निघते. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी 12 च्या आगेमागे येते, म्हणजे ओहोटी संध्याकाळी आणि घट्ट वाळूचा पट्टा चांगला रुंद. आईच्या पावलांवरून पाणी गेलं तेव्हा तिने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

पुढे दाभोळ-धोपावे फेरीबोटीत गाडी थेट आत जाते, आईला उतरवावं लागलं नाही. तवसाळ-जयगडलाही तसंच. गणपतीपुळ्याहून रत्नागिरीकडे आरे-वारेच्या रस्त्याने या. समुद्र गाडीच्या खिडकीतून दिसतो, आणि तोही भरपूर. जंजिऱ्याचा हट्ट मात्र आम्ही धरला नाही. हलत्या होडीतून दरवाजाच्या पायऱ्यांवर पाय टाकावा लागतो.

आंबोली, कुबड्या घेऊन
मला पोलिओ आहे. बाजूला चाकं लावलेली स्कूटर मी स्वतः चालवतो. मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच आहे, खालूनही पुरेपूर दिसतो. शनिवार-रविवार टाळा, गर्दीत कुबडी टेकायला जागा मिळत नाही. शेवाळावर तर तिचं रबर हमखास सरकतं, पायऱ्यांच्या मोहात पडू नका. खरी मजा रात्री. जूननंतर टॉर्च घेऊन रस्त्याकडेच्या डबक्यापाशी थांबलो. वर फांदीला मलबारी उडत्या बेडकाचं फेसाचं घरटं लटकत होतं. अंड्यांतून निघालेली पिल्लं तिथून थेट पाण्यात पडतात. त्यासाठी मला डांबरी सोडावी लागली नाही.

केर्न्स, ऑस्ट्रेलिया, सासऱ्यांना घेऊन
इथलं वर्षावन 1988 पासून जागतिक वारसा आहे. कुरांडा या गावाला जाणारा साडेसात किलोमीटरचा स्कायरेल रोपवे झाडांच्या शेंड्यांवरून जातो आणि व्हीलचेअर पाळण्यात घेता येते. रेड पीक स्थानकावर उतरून लाकडी पायवाटेने जंगलाच्या तळाशीही फिरता येतं. सासरे कोकणातले. झाडांच्या बुंध्यांवर वाढलेली नेची पाहत ते बराच वेळ "आमच्या देवराईसारखं" म्हणत होते.

चेन्नईहून
मरीना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये व्हीलचेअरसाठी लाकडी उतार झाला, डिसेंबरातल्या मांदूस वादळात त्याचं नुकसान झालं. तरी लोकांनी तो मागून घेतला होता, हे मला मोठं वाटतं. आपल्या किनाऱ्यांसाठीही मागूया. आणि खोली घेताना "व्हीलचेअर चालेल का" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात. न्हाणीच्या दाराची रुंदी टेपने मोजून फोटो पाठवायला सांगा.