मदत हवी आहे: टेसच्या (नासाची अवकाश दुर्बीण) डेटातून ताऱ्याचा पिरियड अर्धाच येतोय

फोंड्याची_पोर: सोमवारी गाईडना दाखवायचंय, त्यात चवथ तोंडावर. लाइटकर्व्हवर (ताऱ्याच्या प्रकाशाचा वेळेनुसार आलेख) लॉम्ब-स्कार्गल (पिरियड शोधायची पद्धत) चालवला की पीक ०.१६६८ दिवसावर येतो. कॅटलॉगमध्ये दुप्पट आहे. तीनदा सगळं पुसून परत केलं. कुठे चुकतंय?

म्हापसेकर: तारा कुठला? दर दोन मिनिटांचा डेटा की फुल फ्रेम (कॅमेऱ्याची अख्खी चित्रं)? आम्ही काय कौल लावून सांगायचं?

कुळागर: पीडीसीएसएपी (यानामुळे आलेले दोष काढलेला डेटा) वापरलास ना? तिथेच चुकलं. माझ्या मिरा जातीच्या ताऱ्याचा अख्खा चढउतार त्यानं धुऊन काढला होता. एसएपी (दोष न काढलेला डेटा) घे.

म्हापसेकर: अहो, मिराला एका चढउताराला ३३२ दिवस लागतात, टेसचा सेक्टर (आकाशाच्या एका पट्ट्याचं निरीक्षण) जेमतेम २७ दिवसांचा. धुवायला होतं काय?

कुळागर: मुद्दा तो नाही.

आप्पा_डिचोली: बाय, कॉम्प्युटर बंद कर आणि अल्गोल बघ. २.८७ दिवसांनी मंदावतो, नुसत्या डोळ्यांनी कळतं. पणजीला जुंता हाउसच्या गच्चीवर आम्ही रात्री जागवल्यात.

म्हापसेकर: आप्पा, या पावसात तारा दिसला तर मला फोन करा.

फोंड्याची_पोर: सॉरी, लाइट गेली होती. तारा डब्ल्यू अर्सा मेजोरिस, दोन मिनिटांची फाइल. पिक्सेल २१ आर्कसेकंदांचा, म्हणजे शेजारचा तारा मिसळला असेल का?

म्हापसेकर: हे नाव आधी टाकलं असतंस तर! शेजाऱ्याचा स्थिर प्रकाश मिसळला तर आलेखातले खड्डे उथळ होतात, पिरियड हलत नाही. ही एकमेकांना चिकटलेली जोडी आहे. एका फेरीत दोन ग्रहणं, खड्डे जवळजवळ सारखे. लॉम्ब-स्कार्गल साइन लहर बसवतो, त्याला दोन्ही खड्डे एकच वाटतात. ०.३३३६ वर फोल्ड कर (सगळ्या फेऱ्या एकमेकांवर ठेव) आणि खड्ड्यांची खोली ताडून बघ.

कुळागर: आणि सेक्टरच्या मध्ये डेटा का तुटतो ते पाठ कर, विचारतात. यान १३.७ दिवसांनी पृथ्वीजवळ येतं, तेव्हा डेटा खाली धाडतं.

फोंड्याची_पोर: केलं! दुसरा खड्डा किंचित उथळ आहे. आठ तासांत एक फेरी. देव बरें करूं, म्हापसेकर.

कुळागर: तरी एकदा एसएपी लावून बघच.

माटोळी: आठ तासांत दोन ग्रहणं? चवथीला पाळायची का?