कुंदा-करदंटाचं गणित: क्ष ८६१ कसा येतो?

सरावातलं गणित: ३ किलो कुंदा, २ किलो करदंट (दोन्ही मिठाया) मिळून २२०० रुपये, २ किलो कुंदा, ३ किलो करदंट २३००. क्ष = कुंदा, य = करदंट धरून पहिलं समीकरण ३ने, दुसरं २ने गुणलं. य गेला, पण १३क्ष = ११२०० उरलं. कुठं चुकतंय?

↳ ९क्ष + ६य = ६६००
४क्ष + ६य = ४६००
य घालवताना वजाबाकी केलीस, क्ष आणि रुपयांची मात्र बेरीज. खालच्या ओळीची तिन्ही चिन्हं बदल: ५क्ष = २०००. कुंदा ४००, करदंट ५००.

↳ गुणायचंच कशाला? सहगुणक उलटसुलट आहेत. मूळ समीकरणांची बेरीज करून ५ने भाग: क्ष + य = ९००. वजाबाकी: क्ष − य = −१००. इथला उणे विसरलास की भाव अदलाबदल होतात.

↳ तेवढ्यासाठी ताळा घे, दोन्ही समीकरणांत. आणि नुसतं ‘क्ष = कुंदा’ लिहू नको; ‘१ किलो कुंद्याचा भाव क्ष रुपये’ असं लिही.