कॉफीचं मशीन घ्यावं का? सोसायटी ग्रुपवर रंगलेली चर्चा

बी-४०२: नमस्कार मंडळी. घरी कॉफीचं मशीन घ्यायचा विचार चाललाय. वीसेक हजारांपर्यंत बजेट आहे. आम्ही दोघंच, सकाळी आणि संध्याकाळी घेतो. कुणाकडे आहे का? अनुभव कसा आहे?

ए-१०१: सी-५०३ च्या ताईंना विचारा. सकाळी सी विंगच्या जिन्यात जो वास दरवळतो तो त्यांच्याच घरचा.

सी-५०३: दादा, मशीनच्या आधी पावडर बदलून बघा. पावडर ताजी असेल तर चार-पाचशे रुपयांच्या स्टीलच्या फिल्टरमधूनही अप्रतिम कॉफी उतरते. पावडर शिळी असेल तर महागातलं मशीनही तिला जीव देऊ शकत नाही. सध्या कुठली वापरता?

बी-४०२: सुपरमार्केटमधलं फिल्टर कॉफीचं पाकीट. नाव बघून सांगू का?

सी-५०३: नाव नको, पाकिटाची मागची बाजू वाचा. कॉफी किती टक्के आणि चिकोरी किती टक्के, ते छापलेलं असतं.

बी-४०२: कॉफी ५३, चिकोरी ४७. अरे, म्हणजे अर्धीच कॉफी?

सी-५०३: हो, आणि हे नियमात बसतं. मिश्रणात कॉफी ५१ टक्क्यांच्या खाली जायला नको, एवढंच बंधन आहे. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ, भाजून दळलेलं. गुजरातेत जामनगरच्या बाजूला आणि उत्तर प्रदेशात एटाकडे पिकतं. त्याने रंग गडद होतो, दाटपणा येतो, पण त्यात कॅफिन नसतं आणि कॉफीचा सुवासही नसतो. माझा चिकोरीला विरोध नाही. दुधाच्या कॉफीत दहा-वीस टक्के चिकोरी छान लागते, दक्षिणेत पिढ्यान्‌पिढ्या घालतात. पण अर्धं पाकीट तीच असेल तर आपण कॉफीची चव अजून घेतलेलीच नाही, असं मला मनापासून वाटतं. एकदा ८०-२० घेऊन बघा, मग हवी तर शंभर टक्के कॉफी.

डी-२०२: ताई बरोबर सांगतायत. आम्ही मूळचे म्हैसूरचे, त्यामुळे फिल्टरबद्दल मी लिहितो. फिल्टर पूर्ण कोरडा हवा, ओला असला तर भोकांना पावडर चिकटते आणि काही खाली उतरत नाही. वरच्या भांड्यात तीन मोठे चमचे पावडर घाला, भांडं हलवून सारखी करा आणि छत्रीने (फिल्टरसोबत येणाऱ्या दांडीच्या भोकांच्या चकतीने) अगदी हलकं दाबा. जोर लावला की तासभर थेंब पडत नाही, आणि नुसती सैल सोडली तर पाणी धावत खाली जातं आणि डिकॉक्शन, म्हणजे खालच्या भांड्यात उतरणारा कॉफीचा अर्क, पाणचट मिळतं. पाणी उकळलं की अर्धा मिनिट थांबा, मग कडेने गोल फिरवत ओता, झाकण लावा. पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही.

दुसरं म्हणजे डिकॉक्शन गॅसवर कधीही उकळायचं नाही. गार झालं असेल तर वाटी गरम पाण्यात ठेवा. उकळतं दूध त्यात ओतलं की तेवढी ऊब पुरते. आणि दूध पहिल्या उकळीचं हवं. सकाळपासून चार वेळा तापलेल्या दुधाची कॉफी आमची आई पाहुण्यांना देतच नसे.

बी-४०२: मामा, हे सेव्ह करून ठेवतो. पहिल्यांदाच कुणीतरी छत्रीचा उपयोग नीट सांगितला.

ए-३०१: मी सगळं वाचतेय. आमच्या लहानपणी वडीची कॉफी असायची. दुधात वडी टाकायची, साखर, वेलची, वरून जायफळ. घरात रोज चहा, पण कुणी खास आलं किंवा उपास असला की कॉफी. मला अजून तीच आवडते. तुमच्या त्या डिकॉक्शनपुढे तिला कमी समजू नका हं.

सी-५०३: काकू, मुळीच नाही. जायफळाची कॉफी हा आपला स्वतःचा प्रकार आहे आणि तो नीट केला तर फार सुंदर लागतो. फक्त पावडर दुधात उकळत ठेवू नका. दूध-साखर उकळली की गॅस बंद करायचा, पावडर घालायची, झाकण ठेवून चार मिनिटं थांबायचं आणि गाळायचं. जायफळ आयत्या वेळी किसायचं, तेही किसणीवर दोनदा फिरवलं की पुरे. जास्त झालं की कॉफी लपते आणि कडवटपणा वर येतो. तुमच्या हातची एकदा प्यायला येते.

ए-३०१: अगं ये की. संध्याकाळी पाचनंतर मी घरीच असते.

बी-१०४: आमच्या अमरावतीकडच्या कॉफीचं नाव कोणी घेतलं नाही म्हणून लिहितो. चिखलदऱ्याला कॉफी पिकते. मेळघाटात, समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वर. महाराष्ट्रात कॉफीसाठी ओळखलं जाणारं हे एकच ठिकाण. आमच्याकडे गेलं की पाकीट घेतल्याशिवाय कोणी परत येत नाही.

सी-५०३: दादा, पुढच्या वेळी गेलात की माझ्यासाठी दळलेली नको, बिया आणाल का? आपल्या राज्यातली कॉफी फिल्टरमध्ये कशी उतरते ते मला बघायचंय.

बी-१०४: आणतो की. दिवाळीत जाणं आहे.

ए-२०४: ताई, बिया आणि पावडर यात एवढा फरक पडतो? आमच्या ऑफिसात सगळे कुठल्या इस्टेटची, कधी भाजलेली हेच बोलत असतात. मला इन्स्टंटची सवय आहे. सुरुवात कुठून करू?

सी-५०३: फरक पडतो, आणि तो डोळ्यांनी दिसतो. कॉफी भाजली की बियांच्या आत कार्बन डायऑक्साइड कोंडलेला असतो, तो पुढचे काही आठवडे हळूहळू बाहेर पडतो. ताज्या पावडरीवर थोडंसं गरम पाणी ओता. ती भिजून वर फुगते, बारीक बुडबुडे येतात आणि त्याच क्षणी सगळ्या स्वयंपाकघरात वास पसरतो. मी रोज तेवढ्यासाठी ओट्याशी थांबते. जुन्या पावडरीवर पाणी ओतलं तर ती नुसती चिखलासारखी बसते. दळल्यावर सुवास फार लवकर उडतो, म्हणून दळून घ्यायची तर पंधरा दिवसांपुरतीच घ्या. हवाबंद डब्यात, अंधारात ठेवा. फ्रिजमध्ये नको, ओल धरते आणि कांद्या-लसणाचा वास ओढते.

सुरुवात कर्नाटकातल्या चिकमगळूरच्या अरेबिकाने करा. अरेबिका आणि रोबस्टा हे कॉफीचे दोन मुख्य प्रकार. कॉफी भारतात आली तीच तिथल्या डोंगरात. सतराव्या शतकात बाबा बुदान यांनी येमेनहून सात बिया आणल्या अशी आख्यायिका आहे, आणि त्या डोंगरांना आजही त्यांचंच नाव आहे. कूर्ग, चिकमगळूर आणि बाबाबुदानगिरीचा अरेबिका, वायनाडचा रोबस्टा, अराकूचा अरेबिका, या पाचांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. एकेक महिना एकेक घ्या. फरक आपोआप कळायला लागतो, त्यासाठी कुठला कोर्स लागत नाही.

सगळ्यात वेगळी मात्र मॉन्सून्ड मलबार. पूर्वी शिडाच्या जहाजांतून कॉफी युरोपात जायला महिनोन्‌महिने लागायचे. दमट हवेने बिया फुगायच्या, फिकट व्हायच्या, आंबटपणा जायचा. पुढे वाफेची जहाजं आणि सुएझ कालवा आला, माल लवकर पोचू लागला आणि तिकडच्या लोकांना ती ओळखीची चव मिळेना. म्हणून आता मंगळूरच्या किनाऱ्यावर उघड्या बाजूंच्या गोदामांत पावसाळाभर बिया पसरतात, पुन्हा पुन्हा उलटतात आणि समुद्रावरचा वारा लागू देतात. बी पिवळट सोनेरी होतं. ज्यांना कॉफीतला आंबटपणा सोसत नाही त्यांनी हीच घ्यावी.

ए-२०४: आंबटपणा? कॉफी आंबट असते?

सी-५०३: हलकी भाजलेली अरेबिका असते, आणि चांगली असेल तर तो संत्र्याच्या सालीसारखा ताजा आंबटपणा असतो. कॉफी हे शेवटी फळातलंच बी. काळी पिऊन बघायची असेल तर फ्रेंच प्रेस सोपा, म्हणजे जाळीचा दट्ट्या असलेलं भांडं; कॉफी भिजली की दट्ट्या खाली दाबायचा. १५ ग्रॅम जाडसर दळलेली पावडर, २२५ मिली पाणी, चार मिनिटं. साखर न घालता आणि थोडी कोमट झाल्यावर प्या. फार गरम असताना जिभेला काही कळत नाही.

डी-२०२: आमच्या नात्यातल्यांची सकलेशपूरला छोटी बाग आहे. मार्च-एप्रिलमध्ये पहिला पाऊस पडला की आठवड्या-दहा दिवसांत अख्खा डोंगर पांढऱ्या फुलांनी भरतो, वास जाईसारखा. दोन-तीन दिवसांत फुलं सुकतात. त्या एका पावसावर वर्षाचं पीक ठरतं, तो चुकला की बागाईतदार हवालदिल. वर सिल्व्हर ओकची सावली, त्याच्यावर मिरीचे वेल, खाली कॉफी. ज्यांना जमेल त्यांनी एकदा त्या दिवसांत जाऊन यावं.

सेक्रेटरी (ए-५०१): चर्चा उत्तम चाललीय. एक शंका: टँकरच्या पाण्याने कॉफी बिघडते का? घरी चव वेगळी लागते.

सी-५०३: बिघडते. फार क्षार असले की चव बोथट होते, आणि आरओ मशीनने सगळे क्षार काढून टाकले तरी कॉफी बेचव लागते. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप, १५० च्या आसपास असेल तर उत्तम. आपल्याकडे मीटर आहेच ना सोसायटीचा? टाकीचं पाणी आणि आरओचं पाणी मिसळून तेवढ्यावर आणा.

सेक्रेटरी (ए-५०१): मीटर वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. ज्यांना हवा त्यांनी नोंद करून न्यावा आणि त्याच दिवशी परत ठेवावा.

ए-१०१: रात्री कॉफी घेतली की मला झोप येत नाही, यांना मात्र काही होत नाही. असं का?

सी-५०३: ज्याचं त्याचं शरीर. घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, काहींना त्याहून जास्त. तुम्ही दुपारी चारनंतर टाळा. आणि पाकिटात रोबस्टा किती तेही विचारा, त्यात अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफिन असतं.

बी-४०२: मंडळी, मशीन रद्द. फिल्टर आजच ऑर्डर केला. आता पावडर कुठून घ्यायची?

डी-२०२: माटुंगा स्टेशनच्या पूर्वेला कॉफीची जुनी दुकानं आहेत, समोर दळून देतात. पीबेरी (फळात एकच गोल बी असलेली) आणि प्लांटेशन (धुऊन तयार केलेली अरेबिका) अर्धी-अर्धी, त्यात वीस टक्के चिकोरी सांगा. दळण फिल्टरचं पाहिजे म्हणावं. मी शनिवारी सकाळी जातोय. कुणाला काय हवंय ते शुक्रवार रात्रीपर्यंत इथेच लिहा.

बी-४०२: मामा, पाव किलो, ८०-२०.

ए-२०४: मला १०० ग्रॅम, चिकोरीशिवाय, फ्रेंच प्रेससाठी जाडसर.

ए-३०१: मला पण पाव किलो. चिकोरी नको. जायफळ माझ्याकडे आहे.

सी-५०३: मला बिया अर्धा किलो, न दळता. आणि मामा, आज भाजलेली आहे का ते तेवढं विचाराल?