सरसकट बंदी नको, रंग बघा

वर एकांनी लिहिलंय की वापरलेल्या बाळसामानाच्या विक्रीवर सरळ बंदीच घाला. अमेरिकेत २००८ च्या कायद्यानंतर जवळपास तसंच झालं होतं. मुलांच्या वस्तूंतल्या शिसं या विषारी धातूवर कडक मर्यादा आली (ती रास्तच), पण जुनं विकणाऱ्या दुकानदारांनी धसका घेतला. प्रत्येक वस्तू तपासून घ्यायची सक्ती तुम्हाला नाही, असं तिथल्या ग्राहक-वस्तू सुरक्षा आयोगाने सांगूनही अनेकांनी मुलांचे कपडे, खेळणी काढूनच टाकली. भुर्दंड कुणाला? जुन्यावरच भागवणाऱ्या आईबापांना.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. ते नव्या मालाच्या दुकानात बघायचं. सांगलीत २०१९ च्या पुरात ज्यांचं घर चिखलात गेलं, ते कसलं चिन्ह बघणार? कुणाच्या माळ्यावरचा पाळणा मिळाला, त्यात पोर निजवलं.

मला भीती आहे ती रंगाची. आमच्या गल्लीतला एक पांगुळगाडा तीन घरं फिरलाय, दर वेळी वरून ऑइलपेंटचा हात. हिरड्या शिवशिवल्या की पोर जी दांडी चावतं, तिथे पोपटीखालून लाल आणि लालखालून निळा डोकावतो. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. खालचे थर त्याआधीचे. घरी कोरडा पॉलिशपेपर तर मारूच नका, ती धूळ पोटात जाते. असा गाडा द्यायचा नाही, घ्यायचाही नाही. कपडे, स्टीलची भांडी बिनधास्त फिरू द्या. पाळण्याच्या कड्या, दोऱ्या तेवढ्या ओढून बघा.