मदत हवी आहे : मुंबई-लंडन थेट विमानाला नेमके किती तास लागतात?

नमस्कार. माझी 68 वर्षांची आई 10 ऑक्टोबरला माझ्या बहिणीकडे लंडनला एकटीच जाणार असून 5 नोव्हेंबरला परत निघणार आहे. तिला दोन्ही जेवणांआधी आणि रात्री झोपताना इन्सुलिन घ्यावे लागते. डोसच्या वेळा लिहून देण्यासाठी डॉक्टरांनी प्रवासाचे नेमके तास विचारले, म्हणून मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो, पण हिशेब काही केल्या जुळत नाही.

या दोन शहरांतले हवाई अंतर साधारण 7,200 किलोमीटर आहे. विमानाचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर आठ तास पुरायला हवेत. तिकिटावर मात्र मुंबईहून सुटण्याची वेळ दुपारी 1.15 आणि लंडनला पोहोचण्याची संध्याकाळी 6.45 अशी आहे. लंडनचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असल्याचे बहीण सांगते, म्हणजे प्रवास दहा तासांचा झाला. वरचे दोन तास जातात कुठे?

परतीचे विमान रात्री 8.30 ला सुटून दुसऱ्या दिवशी सकाळी 11.15 ला मुंबईत उतरते. त्यातून साडेचार तास वजा केले, तर सव्वादहा तास उरतात. येताना वारा पाठीशी असल्यामुळे वेळ कमी लागतो असे सगळेच म्हणतात. मग आमच्या तिकिटात उलटे कसे? आईने माझा कागद पाहून, "शाळेतही तू हातचा विसरायचास," एवढाच शेरा मारला. कृपया जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

आपली चूक परतीच्या हिशेबात आहे. ब्रिटनमधली घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एक तास मागे घेतली जातात, त्यामुळे 5 नोव्हेंबरला दोन्ही देशांच्या वेळेत साडेपाच तासांचा फरक असेल आणि परतीचा प्रवास सव्वानऊ तासांचा ठरेल.

आता जातानाचे दोन तास. 7,200 किलोमीटर हे पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले कमीत कमी अंतर आहे. विमान ठरलेल्या हवाई मार्गांनी, बंद असलेल्या हद्दी टाळून जाते, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्त उडते. शिवाय 900 हा वेग भोवतीच्या हवेच्या तुलनेतला असतो. साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते समोरून ताशी 100 किलोमीटरने आले, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 800 वर येतो आणि एवढ्यानेच एक तास वाढतो. तिकिटावरच्या वेळाही गेटपासून गेटपर्यंतच्या असतात, त्यामुळे धावपट्टीसाठी रांगेत थांबणे त्यातच धरलेले असते.

डॉक्टरांना प्रत्येक प्रवास निघण्याच्या ठिकाणच्या वेळेत सांगावा, कारण शरीर निदान पहिला दिवस तरी जुन्याच घड्याळाने चालते. जाताना भारतीय वेळेने दुपारी 1.15 ते रात्री 11.15, म्हणजे झोपतानाचा डोस उतरण्याच्या गडबडीत येतो. येताना लंडनच्या वेळेने रात्री 8.30 ते पहाटे 5.45. डोस अर्थात डॉक्टरच ठरवतील. इन्सुलिन मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या बॅगेतच ठेवावे. सामानात दिलेली बॅग वेळेवर मिळेलच असे नाही, आणि सामानकक्षातल्या थंडीत गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही.

धागाकर्ता :

मनःपूर्वक आभार. दोन्ही प्रवासांच्या वेळा डॉक्टरांना आजच कळवल्या. आईला तो एक तास समजावून सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे हातचा एकच होता ना?"