मदत हवी आहे: कलोसियमचे तळघर गाइडसोबत पाहण्याविषयी

नमस्कार.

येत्या ऑक्टोबरमध्ये मी वडिलांना घेऊन रोमला जात आहे. तिथल्या चार दिवसांपैकी एक पूर्ण दिवस आम्ही कलोसियमसाठी, म्हणजे प्राचीन रोमन काळातल्या झुंजींच्या प्रचंड प्रेक्षागृहासाठी, राखून ठेवला आहे. तिथे गाइडसोबत फिरून आलेल्या सभासदांचा सल्ला हवा आहे.

बाबा ७४ वर्षांचे आहेत आणि सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झाले आहेत. नोकरीची बरीच वर्षे कोकणातल्या पुलांवर गेल्यामुळे दगडी कमान दिसली की ती कशावर टेकली आहे, हे ते आजही आधी बघतात. काही वर्षांपूर्वी आम्ही एका प्रवासी कंपनीबरोबर युरोपला गेलो होतो, तेव्हा कलोसियम फक्त बाहेरून दाखवले गेले आणि फोटो काढायला वीस मिनिटे मिळाली. बाहेरच्या भिंतीवर जागोजागी दिसणारी भोके कसली आहेत, असे बाबा विचारत होते, पण उत्तर मिळण्याआधीच बसची वेळ झाली. दगडाला दगड जखडणारे लोखंड मध्ययुगात लोकांनी उकरून नेले, त्याच्या त्या खुणा आहेत, हे घरी परतल्यावर वाचनात आले. तिथे उभे असतानाच ते कळले असते तर बाबांना किती आनंद झाला असता, ही रुखरुख मला अजून आहे.

म्हणून या वेळी बांधकाम समजावून सांगणारा गाइड हवा आहे. १८८ मीटर लांब आणि १५६ मीटर रुंद अशा त्या लंबवर्तुळात हजारो माणसे आत कशी येत आणि बाहेर कशी पडत, तळमजल्यावरच्या ८० कमानींपैकी ७६ कमानींवर क्रमांक कशासाठी कोरले होते, ट्रॅव्हर्टाइन दगड कुठे वापरला आणि काँक्रीट कुठे, हे बाबांचे प्रश्न आहेत. सर्वांत जास्त ओढ आहे ती तळघराची. इ. स. ८० मध्ये रोमन सम्राट टायटसने कलोसियम खुले केले तेव्हा हे तळघर नव्हते. ते त्याचा भाऊ डोमिशियन याने नंतर बांधून घेतले. माणसांनी फिरवायच्या रहाटांनी पिंजरे तिथून वर रिंगणात कसे चढवले जात, हे बाबांना प्रत्यक्ष जागेवर समजून घ्यायचे आहे. जिथे इतकी माणसे आणि जनावरे मारली गेली, तिथे तलवारबाजीच्या कथाच चवीने सांगितल्या जाव्यात, असे मात्र आम्हा दोघांनाही वाटत नाही.

अडचण गुडघ्यांची आहे. बाबांच्या उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे. सपाटीवर ते तासभर चालू शकतात, पण उंच पायऱ्या उतरताना त्यांना आधार लागतो. वरच्या मजल्यावर जायला लिफ्ट आहे, हे मला माहीत आहे. तळघरात उतरताना किती पायऱ्या लागतात, कठडा आहे का, आणि गट पुढे निघाला तरी एखाद्या कमानीपाशी दोन मिनिटे थांबता येते का, हे कृपया अनुभवावरून सांगावे. बाबांना इंग्रजी उत्तम वाचता येते, पण इटालियन वळणाचे भरभर इंग्रजी ऐकून कळायला वेळ लागतो. तेव्हा कानाला लावायच्या यंत्रातून आवाज स्पष्ट येतो का, हेही कळवावे.

दुसरा पर्याय नेपल्सजवळच्या पोत्सुओलीचा आहे. तिथले अँफिथिएटर, म्हणजे कलोसियमसारखेच प्रेक्षागृह, टायटस आणि डोमिशियन यांच्याच फ्लाव्हियन घराण्याच्या काळातले असून त्याचे तळघर फार चांगल्या स्थितीत राहिले आहे. कलोसियमच्या रिंगणाची जमीन बरीचशी नाहीशी झाली आहे, तर तिथे पिंजरे वर काढण्याची चौकोनी तोंडे अजून दिसतात. रोमहून नेपल्सला वेगवान रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास लागतो आणि पुढे शहरातल्या रेल्वेने पोत्सुओली गाठता येते. दोन्ही ठिकाणे पाहिलेले कोणी असल्यास, चौऱ्याहत्तर वर्षांच्या माणसाला एका दिवसात हे जाऊन येणे झेपेल का, ते जरूर लिहावे.

कलोसियमची तिकिटे प्रवाशाच्या नावानिशी दिली जातात आणि तळघराच्या जागा फार लवकर संपतात, असे वाचले आहे. त्यामुळे आमच्या तारखेची विक्री सुरू होण्याआधी निर्णय घ्यावा लागणार आहे.