हजेरीवहीतले नाव आणि कागदावरचे नाव

4 जानेवारी 2014 या शनिवारी दुपारी गोव्यातल्या काणकोणच्या चावडी या भागात बांधकाम चालू असलेली पाच मजली इमारत कोसळली आणि 31 जणांचा जीव गेला. तो आकडा आपल्या लक्षात राहिला, कारण ते सगळे एकाच दिवशी, एकाच ढिगाऱ्याखाली गेले. परंतु पर्वरी, ताळगाव, दाबोळी, म्हापसा येथील उंच इमारतींवरून एकेकटे पडून गेलेले गवंडी, सेंट्रिंगवाले आणि बिगारी वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘परप्रांतीय कामगाराचा मृत्यू’ एवढ्या ओळीपुरतेच उरतात. असा माणूस ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांनी लिहावे. घरच्यांना विचारल्याशिवाय नाव देऊ नये. मात्र तो कुठला होता, कसा गेला आणि त्याच्या मागे काय घडले, हे अवश्य लिहावे. आरंभ मी करतो.

पर्वरी, निवृत्त सुपरवायझर

आमच्या साईटवर एकाच नावाचे तिघे असल्यामुळे हजेरीवहीत मी त्याची नोंद ‘लंबू’ अशी करीत असे. लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीवर प्रत्येक मजल्यावर प्लायवूड टाकलेले असे. पाचव्या मजल्यावरचे प्लायवूड कुणीतरी वरच्या स्लॅबसाठी उचलून नेले आणि डोक्यावर घमेले घेऊन येणाऱ्या लंबूने सवयीने तेथेच पाय टाकला. पोलिसांनी पूर्ण नाव विचारले तेव्हा, चौदा महिने रोज सकाळी त्याची हजेरी मांडणाऱ्या मला ते सांगता आले नाही. त्याच्या मोबाईलमध्ये ‘घर’ या नावाने एक क्रमांक होता. तो लावल्यावर पलीकडून त्याच्या आईने जे नाव उच्चारले, ते मी प्रथमच ऐकले.

चौथ्या दिवशी ठेकेदाराने झारखंडहून आलेल्या त्याच्या भावाच्या हाती एक पाकीट दिले, ‘आता काही येणे नाही’ असे लिहून घेतले आणि साक्षीदार म्हणून माझी सही घेतली. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यानुसार मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागत असे, परस्पर दिलेली रक्कम भरपाई म्हणून धरली जात नसे आणि काम ठेकेदारामार्फत चालले असले तरी मूळ मालकाची जबाबदारी सुटत नसे. हे सारे मला निवृत्तीनंतर एका वकील मित्राकडून कळले. भावाला हे सांगणारे त्या खोलीत कुणी नव्हते, आणि खरे सांगायचे तर मलाही त्या दिवशी ते प्रकरण लवकर मिटावे असेच वाटत होते.

मडगाव, स्थापत्य अभियंता

साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबखालचे टेकू किमान 14 दिवस ठेवावेत, असे भारतीय मानक सांगते, आणि तो आकडा आम्ही परीक्षेत पाठ केलेला असतो. नोकरीच्या पहिल्याच वर्षी, वरच्या मजल्यासाठी टेकू कमी पडत असल्याने नवव्या दिवशी ते काढायला सांगण्यात आले. मी तोंडी हरकत घेतली. लेखी घेतली नाही. बाहेरून पाहणाऱ्याच्या सहसा लक्षात येत नाही की टेकू काढणारा माणूस त्याच स्लॅबखाली उभा असतो. सगळा स्लॅब आला नाही, एक कोपराच आला. त्याखाली गेलेला मजूर कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यातला होता आणि मला कन्नड आकडे शिकवीत असे. आमच्याकडे अशा माणसाला ‘घाटी’ म्हणून मोकळे होतात. माझ्या घरीही तसेच म्हणत, त्या दिवसापर्यंत.

काणकोण, दुकानदार

त्या दुपारी आवाज ऐकून मी शटर अर्धे ओढून धावलो, पण धुळीमुळे काही दिसत नव्हते. पुढे अग्निशमन दलाचे आणि लष्कराचे जवान कित्येक दिवस ढिगारा उपसत होते. त्याखाली गेलेल्यांतले काही मजूर माझ्याकडून उधारीवर बिडी-काडी नेत. वहीतली ती पाने मी फाडली नाहीत; रक्कम किरकोळ आहे, पण त्यांची नावे माझ्याकडे तेवढीच आहेत.

वास्को, कामगारांचे अर्ज भरून देणारी कार्यकर्ती

बांधकामाच्या खर्चावर घेतला जाणारा 1 टक्का उपकर कामगार कल्याण मंडळाकडे जातो. मात्र त्याचा लाभ मिळण्यासाठी कामगाराची नोंदणी असावी लागते, आणि नोंदणीसाठी वय 18 ते 60 व आधीच्या 12 महिन्यांत किमान 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. तो दाखला देणे बहुधा ठेकेदाराच्याच हाती असते. गेल्या पावसाळ्यात ओल्या परांचीवरून पाय घसरून गेलेल्या गवंड्याची बायको माझ्याकडे आली. नवऱ्याने नोंदणीचा अर्ज भरला होता, पण तो मंजूर होण्याआधीच तो गेला, आणि ठेकेदाराने 60 दिवसच कबूल केले. तिला लिहिता-वाचता येत नाही. नवरा कामावर गेला की त्या दिवसाची एक रेघ ती खोलीच्या पत्र्यावर कोळशाने ओढीत असे. खोली सोडताना तिने शेजाऱ्याच्या मोबाईलवर त्या पत्र्याचा फोटो काढून घेतला होता. आम्ही दोघींनी बसून रेघा मोजल्या, एकदा तिने आणि एकदा मी. 117 भरल्या. अर्जाला तो फोटो जोडला आहे, आणि त्याखाली तिच्या नवऱ्याचे पूर्ण नाव लिहिले आहे.